माधवनगरातला फ्रेंच हंगाम

आमच्या हॉलवर पोलीस आले ते शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. माधवनगरात यंत्रमागाची एक बंद पडलेली शेड मी भाड्यानं घेतली होती. खिडक्यांना काळे पडदे लावले, ओळीनं कॉम्प्युटर मांडले, आणि पाच-सात पोरंपोरी सकाळपासून फुटबॉलचे सामने बघत बटणं दाबायला लागली. बाहेरच्या माणसाला हा सट्ट्याचा अड्डा वाटला, तर त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

हवालदार जाधव दारातच उभे राहिले. "मेजर, तुमी फौजी माणूस. ह्ये काय चालवलंय?"

मी मेजर नाही. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या खंडाळा तालुक्यात पेन्शन घेऊन गावी आलेला प्रत्येक जण मेजर असतो. बायको मिरजेच्या दवाखान्यात नर्स, म्हणून मी सांगलीकडे राहायला आलो, तर ते नावही माझ्यामागे आलं.

मी जाधवांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हटलं, "बसा, बघा आणि मग काय ते लिहा."

ते बसले. एका पोराच्या पडद्यावर फ्रान्समधला सामना चालू होता. पोरगा दोन सेकंद पुढं जायचा, थांबवायचा, बटण दाबायचा, परत मागं यायचा. जाधव पहिल्यांदा संशयानं बघत होते, मग नुसतेच बघायला लागले. चहा निवला. तासाभरानं म्हणाले, "मेजर, त्यो सात नंबरचा गडी हाय न्हवं, त्यो दर टायमाला उजव्या अंगानंच जातोय. समोरच्याला कळतंय की ते."

"जाधवसाहेब, हेच आम्ही त्या क्लबला कळवतो. त्याचाच पगार आहे."

तक्रार तिथंच मिटली. आमचं काम याच्यापेक्षा सोप्या शब्दांत मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

तरी थोडं सांगतो. सामन्यात चेंडूला जितक्या वेळा पाय लागतो, तितक्या वेळा आम्ही नोंद करतो. कुणी दिला, कुणाला दिला, कुठल्या पायानं, अंगावर कोणी होतं का, मैदानाच्या कुठल्या भागात. एका सामन्याला दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो. मग क्लबला हवे तसे तुकडे काढून द्यायचे: समोरच्या संघाचे सगळे कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलपुढं मारलेले चेंडू, आपल्या बचावाच्या सगळ्या चुका, असं. फ्रान्समध्ये हे काम करणारी माणसं महाग पडतात, आणि आमचा क्लब मोठ्या शहरातला श्रीमंत क्लब नव्हे. बंदराच्या गावातला, पहिल्या विभागात कसाबसा तग धरणारा. पुण्यातल्या एका कंपनीमार्फत तो आमच्याकडं आला.

लोकांना वाटतं आम्ही रात्र-रात्र जागतो. मुळीच नाही. सामना तिकडं संध्याकाळी होतो, रेकॉर्डिंग सकाळी येतं. हॉलचा नियम एकच कडक: नोंदी संपेपर्यंत निकाल बघायचा नाही. आपण जिंकलो हे माहीत असलं की डोळा माफ करायला लागतो. पोरं येताना मोबाइलवर बातम्यासुद्धा उघडत नाहीत. त्यामुळं माधवनगरात आमचे सामने दुसऱ्या दिवशीच खेळले जातात, आणि तेही थांबत-थांबत.

मी स्वतः पलटणीच्या टीममधून बरीच वर्षं खेळलो. त्यामुळं खेळ मला कळतो अशी माझी समजूत होती. ज्या हंगामाविषयी लिहितोय, त्या हंगामानं ती जरा सारखी केली.

त्या वर्षी आमचा क्लब पुष्कळ वर्षांनी युरोपात खेळणार होता. युरोपातल्या स्पर्धांचे तीन थर असतात. आम्ही सगळ्यात खालच्या थरात, तेही पात्रता फेरी पार केली तर. ही फेरी ऑगस्टमध्ये असते, आणि ऑगस्टमध्ये सांगलीत काय असतं ते सांगायला नको.

कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलापाशी लोक पातळी बघायला उभे राहिले. हॉलपर्यंत पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ इंटरनेट. निम्म्या पोरांची घरं नदीकाठच्या भागात. कुणी आईला खांद्यावरून आणत होतं, कुणी माळ्यावर धान्य चढवत होतं. अशा फेरीत एकाच संघाशी दोन सामने असतात, एक त्यांच्याकडं, एक आपल्याकडं, आणि दोन्हींतले गोल मिळून निकाल लागतो. तिकडं दूरच्या थंड देशातल्या संघाशी पहिला सामना बरोबरीत सुटला होता आणि परतीचा आमच्या मैदानावर गुरुवारी होता. त्यांच्या सगळ्या कॉर्नरचा अभ्यास आम्ही द्यायचा होता.

क्लबमध्ये आमच्याशी बोलणारा माणूस म्हणजे मात्यू. तिशीतला, सावकाश इंग्रजी बोलणारा. मी त्याला फोन करून सांगितलं, या वेळी जमणार नाही. तो म्हणाला, "हणमंत, घरं सांभाळा. आमचं आम्ही बघू." एका शब्दानं आग्रह केला नाही.

आग्रह केला तो शबनमनं. शबनम आमच्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नेमकी. बी.एस्सी. झालेली, मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "मेजरकाका, मिरजेत लाइट आहे. अब्बांचा कारखाना आहे. मशिनं तिकडं नेऊया."

"अगं, पोरांची घरं पाण्यात आहेत. कुठल्या तोंडानं सांगू?"

"तुम्ही सांगू नका. त्यांनीच मला विचारलंय."

खरंच विचारलं होतं. अमोल नावाचा एक जण मला म्हणाला, "घरात पाणी शिरलंय, ते काय आमी बघत बसल्यानं उतरणार हाय व्हय? हाताला काम तरी असूं द्या."

कुपवाडच्या रस्त्यानं आम्ही टेम्पोतून मशिनं नेली. रस्त्यावर गादी-गाठोडी, म्हशी, गॅसच्या टाक्या आणि मधेच आमचे कॉम्प्युटर. शबनमचे वडील उस्मानभाई कारखान्याच्या दारात उभे होते. आत दोरीला वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला अर्धवट तंबोरे टेकवलेले, सगळीकडं पॉलिशचा वास.

"आवं मेजर, कुटं बी बसा," ते म्हणाले, "फकस्त भोपळ्यांना धक्का लागू देऊ नका. एकेक भोपळा वाळवायला लय दम धरायला लागतोय."

तिथं, भोपळ्यांखाली बसून, पोरांनी त्या संघाचे सगळे कॉर्नर काढले. त्यांचा उंच गडी गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहायचा आणि चेंडू मात्र गोलच्या जवळच्या खांबाशी यायचा. हे एकदा दिसलं की मग प्रत्येक कॉर्नरमध्ये दिसायला लागलं. उस्मानभाई हातातलं काम ठेवून मागं येऊन उभे राहायचे आणि "परत तोच!" असं म्हणायचे.

आम्ही जिंकलो. पात्रता मिळाली. पाणी उतरल्यावर पोरं घरातला गाळ काढत होती तेव्हा मात्यूनं एक फोटो पाठवला. खेळाडूंच्या खोलीत सगळे उभे, आणि मधे कप्तान रेमी हातात पुठ्ठा धरून. त्यावर सांगलीचं नाव लिहिलेलं, स्पेलिंग चुकीचं. रेमी पस्तिशीला टेकलेला, डोक्यावरचे केस गेलेले, मधल्या फळीतला माणूस. त्या फोटोपासून तो आमच्या पोरांचा झाला.

हिवाळ्यात त्यांच्या देशातल्या चषकाचे सामने सुरू झाले. फ्रान्समध्ये ही पद्धत मला फार आवडते: या चषकात अगदी खेड्यातला संघसुद्धा उतरतो, आणि नशिबानं गाठ पडली तर मोठ्या क्लबला त्यांच्या गावी जाऊन खेळावं लागतं. आमची गाठ पडली ती एका पाववाल्याच्या, पोस्टमनच्या आणि शाळामास्तरांच्या संघाशी. मैदान चिखलाचं, कडेला कुंपण, कुंपणापलीकडं गाई. कॅमेरा शिडीवर बांधलेला, वारा आला की सगळं मैदान डुलायचं. लोक दोरीला खेटून उभे. मला आमच्या गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवलं. तिथंही नाववाला पैलवान गावच्या पोराच्या हाती लागला की लोक असेच उसळतात.

कोचनं रेमीला त्या दिवशी विश्रांती दिली होती. तरुण पोरं उतरवली. आमचा संघ सगळा वेळ चेंडू घेऊन फिरत राहिला, आणि पाववाल्यानं एकदाच चेंडू मिळवून गोल केला. आम्ही चषकातून बाहेर. अमोल नोंदी संपवून उठला आणि म्हणाला, "मेजर, आपली पोरं येकमेकाकडं बघतच न्हवती. समदी आपापलं खेळत हुती." मी ते ऐकलं, पण फारसं मनावर घेतलं नाही.

वसंतात मात्यूचा निरोप आला. रेमीच्या या वर्षाच्या आणि गेल्या वर्षाच्या सगळ्या नोंदी शेजारी-शेजारी मांडून पाठवा. युरोपात आम्ही बाद फेरीपर्यंत पोचलो होतो, पण तिचा पहिला सामना आपल्याच मैदानावर एका गोलनं हरलो होतो. परतीचा सामना आठवड्यावर आला होता.

असा निरोप का येतो ते कळायला फुटबॉल कळावा लागत नाही. माणसाला बाहेर बसवायचं असतं. आम्ही नोंदी मांडल्या. रेमी पळायला कमी झाला होता. चेंडू त्याच्याकडं कमी यायचा. हिसकावून घेणं कमी झालं होतं. सगळ्या बाबतीत घसरण, आणि एकही नोंद चुकीची नव्हती, कारण त्या आमच्याच होत्या.

पाठवायच्या आधी शबनम माझ्या टेबलापाशी आली. "काका, आकडे बरोबर आहेत. पण मला पटत नाहीये."

"का?"

तिनं एक तुकडा लावला. चेंडू उजवीकडं होता, आणि डावीकडचा तीन नंबरचा खेळाडू, वीस-एकवीस वर्षांचं पोरगं, एकदम मागं पळायला लागलं. दोन क्षणांनी समोरच्यांनी चेंडू नेमका त्याच जागी टाकला. पोरगं तिथं आधीच हजर.

"ह्याला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. "त्याची तर पाठ होती तिकडं."

आम्ही मागं नेलं. रेमी मैदानाच्या मधे चालत होता. पळत नव्हता. एक हात वर, तोंड उघडं.

आमच्याकडं येणारं रेकॉर्डिंग उंचावरच्या कॅमेऱ्याचं असतं. सगळं मैदान दिसतं, आवाज मात्र नसतो. इतकी वर्षं आम्हाला त्याची कधी गरजच वाटली नव्हती. त्या दिवशी मला पलटणीच्या टीममधले आमचे सुभेदार आठवले. मधे उभं राहून सामनाभर ओरडायचे. आम्ही तरुण पोरं त्यांच्यावर वैतागायचो. ते बदलून गेले तेव्हा आमची टीम तीच होती, तरी आम्ही हरायला लागलो, आणि मैदानात काहीतरी फार शांत वाटतंय इतकंच मला कळलं होतं.

मी मात्यूला फोन केला. आमचं काम मागितलेलं देणं. मत कुणी मागितलेलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात करार नवा व्हायचा होता. तरी सांगितलं: रेमी स्वतः पळत नसला तरी ओरडून बाकीच्यांना हलवतो.

मात्यू म्हणाला, "मलाही असं वाटतं. पण 'मला वाटतं' हे कोचपुढं चालत नाही. त्याला दिसेल असं काहीतरी द्या. बुधवारी सकाळी मी त्याच्याशी बसणार आहे."

मी हॉलमध्ये सगळ्यांना उठवून मधे बोलावलं. "एक नवं बटण करायचं. नाव 'हात'. रेमीनं हात केला की दाबायचं. आणि हात केल्यावर आपल्यातलं कोण हललं, ते लगेच पुढं नोंदवायचं. सगळे सामने."

"समदे?" अमोलनं विचारलं.

"सगळे. पाववाल्याचा सोडून. त्यात तो नव्हता."

आणि मग मीच थांबलो. शबनम म्हणाली, "काका, तोच तर पहिल्यांदा घ्यायला पाहिजे."

तिचं बरोबर होतं. त्या सामन्यात चेंडू हरवल्यावर आमचे खेळाडू कधी आणि किती उशिरा मागं वळले, ते काढलं. मग रेमी असतानाचे सामने काढले. शेजारी-शेजारी लावल्यावर सांगायची गरज राहिली नाही. एका बाजूला माणसं चेंडूच्या आधी हलत होती, दुसऱ्या बाजूला चेंडूच्या मागून. मंगळवारी संध्याकाळी आम्ही पाठवलं. त्याच्यासोबत पहिल्या, घसरणीच्या नोंदीही पाठवल्या. त्या दाबून ठेवणं माझ्यानं झालं नसतं.

बुधवारी दुपारी मात्यूचा फोन आला. हसत होता. "हणमंत, तुमच्या 'हात'च्या नोंदींमधले पुष्कळ हात रेफरीला शिव्या देतानाचे आहेत. कोचनं स्वतः ओळखले. तो पोट धरून हसला."

"मग?"

"मग हसून झाल्यावर बाकीचे परत बघितले. दोनदा बघितले."

गुरुवारी रेमी संघात होता. शुक्रवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणं निकाल न बघता नोंदींना बसलो. परक्या मैदानावर आमच्या संघानं शेवटपर्यंत त्यांना गोल करू दिला नाही. पण आम्हालाही करता आला नाही. पहिल्या सामन्यातला एक गोल अंगावर होताच. युरोप संपलं. पण मान खाली घालण्यासारखा सामना नव्हता. रेमीनं त्यानंतर लीगचा, म्हणजे पहिल्या विभागातला, प्रत्येक सामना खेळला, आणि आम्ही हळूहळू वर सरकत गेलो.

एप्रिलच्या शेवटी कळलं, क्लब रेमीला पुढच्या वर्षी ठेवणार नाही. मात्यूनं खरं ते सांगितलं: कोचला तो हवा होता, पण वरच्या मंडळींनी घसरणीच्या नोंदी बघून ठरवलं. दोन्ही गोष्टी आमच्याच हॉलमधून गेल्या होत्या. एकीनं त्याला हंगाम संपेपर्यंत खेळवलं, दुसरीनं घरी पाठवलं. याची मला हळहळ आहे, पण शरम नाही. माझ्या गुडघ्यानंही मला एके दिवशी असंच सांगितलं होतं, आणि तेव्हाही खोटं सांगितलं नव्हतं.

लीगचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर. जिंकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा युरोप, नाहीतर नाही. रेमीचा क्लबसाठीचा शेवटचा सामना. क्लबला त्याच्यावर छोटी फिल्म करायची होती म्हणून मैदानाच्या कडेनं माइक लावले होते. मात्यूनं त्याचा आवाज आमच्या रेकॉर्डिंगला जोडून पाठवला. सोबत लिहिलं, "या वेळी ऐकासुद्धा."

सकाळी सगळे वेळेआधी आले. उस्मानभाई शबनमला सोडायला आले होते, ते परत गेलेच नाहीत. एकाच मोठ्या पडद्यावर लावलं, शबनम आणि अजून एक जण नोंदींना बसले आणि बाकीचे सगळे मागं उभे राहिलो.

पहिल्यांदा नुसता लोकांचा गजर. मग त्याच्यातून एक आवाज वेगळा निघाला. घोगरा, फाटका, न थांबणारा. इतके महिने ज्या माणसाचं उघडं तोंड आम्ही मोजत होतो, तो असा बोलतो हे कुणाच्याच मनात नव्हतं.

"इसका गला तो बैठ गया है," उस्मानभाई म्हणाले.

"रोजच बसत असेल," मी म्हटलं.

शबनम मात्यूशी बोलायला म्हणून वर्षभर मोबाइलवरून फ्रेंच शिकत होती. ती सांगायला लागली. "वळ, म्हणतोय. थांब. आत ये. एकटा आहेस, एकटा आहेस, फिर." मग ती पडद्याजवळ सरकली.

"आता काय म्हणतोय?"

"तेच तेच म्हणतोय काका. 'मी आहे.' प्रत्येकाला. 'मी आहे, मी आहे.'"

हॉलमध्ये बटणं वाजत होती. मध्यंतरानंतर आम्ही एक गोल केला. अमोलनं टाळी वाजवली आणि नोंदी अजून चालू आहेत हे आठवून हात खिशात घातले. शेवटची काही मिनिटं उरली असताना कोचनं रेमीला बाहेर बोलावलं. सगळं मैदान उभं राहिलं. तो डोक्यावर हात वर करून टाळ्या वाजवत कडेला आला, आणि त्याचा आवाज थांबला.

लगेच समोरच्यांना कॉर्नर मिळाला. एका गोलची आघाडी, आणि मैदान मला पुन्हा तसंच शांत वाटलं, लोक ओरडत असूनही. आमचे खेळाडू गोलपुढं दाटीवाटीनं उभे. कुणी कुणाकडं बघेना.

तेवढ्यात दुसरा एक आवाज आला. बारीक, जरासा चिरका.

"हा कोण?" उस्मानभाईंनी विचारलं.

शबनमनं मागं नेलं, थांबवलं, जवळ घेतलं. तीन नंबरचं पोरगं. पाठीमागून येणाऱ्या माणसाकडं बोट करत, तोंड सगळं उघडून आपल्यातल्या दोघांना जागा दाखवत होतं. दोघं सरकले. चेंडू आला तो त्यांच्याच डोक्यावर. बाहेर गेला. शिट्टी वाजली, आणि माधवनगरात आम्ही एक दिवस उशिरा युरोपात पोचलो.

पोरं उड्या मारत होती. शबनम मात्र जागेवरच होती. तिनं पुन्हा त्या कॉर्नरवर नेलं, 'हात'चं बटण दाबलं, आणि रेमीच्या नंबराच्या जागी तीन लिहिलं.